फरशी पोकळ वाजतेय, फुगलीय, उचकटलीय: नवी घालण्याआधी काय तपासायचं

डिसेंबर लागला की माझा फोन पहाटेच वाजायला लागतो. "दादा, हॉलमध्ये मोठ्ठा आवाज झाला. आधी वाटलं गॅस. दिवा लावून बघतो तर मधल्या दोन टाइल्स तंबूसारख्या उभ्या!" आणि लगेच पुढचं वाक्य, तेही ठरलेलं: "आता सगळीच काढून नवीन घालू म्हणतोय. कुठल्या कंपनीची घेऊ?"

कंपनीचं नंतर बघू. पुणे आणि आसपासच्या फ्लॅटमधल्या अशा उचकटलेल्या फरश्या मी एकोणीस वर्षं उघडतोय. त्यात टाइलच खराब निघाली असं झालंय, पण मोजायला एका हाताची बोटं पुरतील. बाकी सगळीकडे दोष टाइलच्या खाली किंवा बाजूला. तो तसाच ठेवून वर नवी टाइल बसवली की चार-पाच हिवाळ्यांनी पुन्हा तोच आवाज येतो. म्हणून शोरूमला जायच्या आधी हे वाचा.

फरशी उभी राहिली असेल तर आधी एवढं करा

लहान मुलांना त्या खोलीतून बाहेर काढा. व्हिट्रिफाइड टाइलची तुटलेली कड काचेसारखी असते. माझ्या डाव्या अंगठ्यावर अजून खूण आहे. उभ्या टाइलवर पाय देऊन किंवा कपाटाचं ओझं ठेवून ती खाली दाबू नका. दाबलेली टाइल बसत नाही, शेजारची उठते. सांध्यातून सिमेंटचं पाणी ओतायचा सल्ला सोसायटीत कोणीतरी देतंच. तोही नको. त्या दोन सैल टाइल्स हाताने अलगद उचलता आल्या तर उचलून बाजूला ठेवा आणि त्यांची पाठ पुसू नका. ती नंतर वाचायची आहे.

लक्षणं

सगळ्या बिघडलेल्या फरश्या एकाच रोगाच्या नसतात. हॉलच्या मधोमध दोन टाइल्स एकमेकींना टेकून उभ्या, किंवा अख्खी एक ओळ उठलेली: हा दाबाचा प्रकार. टाइल सपाट आहे पण चालताना ढब-ढब वाजते: खाली पोकळी. टाइल पायाखाली हलते, कट्-कट् करते आणि सांध्यातून राखाडी भुकटी वर येते: खालचा माल, म्हणजे वाळू-सिमेंटचा थर, मेलाय. सांध्यांतून पांढरा लोणा फुटतोय किंवा बाथरूमच्या दाराशी सांधे कायम काळपट ओले: पाणी. एकच तडा सरळ रेषेत तीन-चार टाइल्स ओलांडून गेलाय: खालचा स्लॅब किंवा जमीन काहीतरी सांगतेय. तळमजल्यावरची फरशी पावसाळ्यात मधून वर येते आणि उन्हाळ्यात भिंतीकडेने खचते: बहुतेक काळी माती.

दोन लक्षणं एकत्र असू शकतात. तरी तपासणी खालच्या क्रमानेच करा. सुरुवातीच्या गोष्टी फुकट आहेत.

१. रुपयाचं नाणं आणि खडू

नाणं दोन बोटांत सैल धरून प्रत्येक टाइलवर पाच ठिकाणी वाजवा, चार कोपरे आणि मध्य. दुपारी टीव्ही-पंखा बंद करून बसा. भरीव जागा टण् वाजते, पोकळ जागा ढब्. पोकळ भागावर खडूने तिरप्या रेघा मारत चला. संपूर्ण हॉल झाला की खुर्चीवर उभं राहून वरून फोटो काढा.

हा फोटो माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा पुरावा. रेघा विखुरलेल्या असतील, इथे एक कोपरा तिथे एक, तर मिस्त्रीचा हात कमी पडलाय. सलग पट्टा दिसत असेल तर त्या पट्ट्यात एकाच दिवशी, एकाच घमेल्यातला माल खराब पडला असणार. पट्टा बाथरूमपासून सुरू होऊन हॉलकडे येत असेल तर पाण्यावर संशय घ्या. आणि प्रत्येक टाइलचे फक्त कोपरे पोकळ, मध्य भरीव असेल तर ती 'लाडू' पद्धत: टाइलच्या पाठीवर मधोमध मालाचा गोळा ठेवून वरून दाबलेली.

एक सांगून ठेवतो. नुसती पोकळ वाजते म्हणून फरशी फोडू नका. सांधे शाबूत आहेत, टाइल हलत नाही, आवाज दहा वर्षं तसाच आहे, तर राहू द्या. जाड वाळू-सिमेंटच्या थरावर बसवलेल्या कितीतरी फरश्या थोड्याफार पोकळ वाजतात आणि आयुष्य काढतात. दर सहा महिन्यांनी पुन्हा वाजवा आणि खडूचा फोटो शेजारी ठेवून बघा. रेघा वाढल्या तरच पुढे जा.

२. भिंतीकडची फट

स्कर्टिंगची (भिंतीच्या पायाशी लावलेल्या टाइलची) एक पट्टी, शक्यतो दाराआडची, सांभाळून सोडवा आणि बघा की फरशीची शेवटची टाइल भिंतीला टेकलीय का. तिथे व्हिजिटिंग कार्ड उभं शिरलं पाहिजे, खरं तर सहा-आठ मिलिमीटर मोकळी जागा हवी. बहुतेक घरांत तिथे सिमेंट ठासून भरलेलं असतं.

याने काय बिघडतं? हिशोब करून दाखवतो. वीस फुटांचा हॉल म्हणजे सुमारे ६ मीटर. काँक्रीट ओतल्यापासून पुढची काही वर्षं ते वाळत आणि आकसत राहतं. साधारण ०.०३ टक्के धरलं तरी ६ मीटरला जवळजवळ २ मिलिमीटर. वर बसवलेली व्हिट्रिफाइड टाइल आकसत नाही; ती अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही, मग वाळून आकसेल कशी? त्यात थंडी आली की काँक्रीट टाइलपेक्षा थोडं जास्त आखडतं. म्हणजे खालचं अंथरूण लहान होत जातं आणि वरची फरशी तेवढीच राहते. दोन्ही टोकांना भिंत. जायचं कुठे? वर!

आता गंमत बघा. दोन बाय दोनच्या दोन टाइल्स समोरासमोर दाबल्या आणि त्यांच्यात मिळून फक्त २ मिलिमीटरची चिमट बसली, तर मधला सांधा किती वर उचलला जाईल? शाळेतला पायथागोरस लावा. जवळजवळ ३५ मिलिमीटर. सव्वा इंचाहून जास्त. लोक मला विचारतात, "इतकी उठली म्हणजे बिल्डिंग खचली का?" नाही हो. दोन मिलिमीटरची गोष्ट आहे.

म्हणूनच टाइलला टाइल चिकटवून, मध्ये कागदही जाणार नाही अशी फरशी मला आवडत नाही. दिसते एकसंध आणि छान. पण प्रत्येक सांध्यात २ मिलिमीटरचा स्पेसर (फट राखणारा प्लास्टिकचा तुकडा) असता तर सांधा थोडाफार दाब पचवतो. लांब हॉल, डायनिंग आणि पॅसेज एकाच रेषेत असतील तर तेवढ्यानेही भागत नाही. अमेरिकेतल्या टाइल उद्योगाच्या, टीसीएनएच्या, मार्गदर्शिकेत घराच्या आत दर २० ते २५ फुटांवर आणि ऊन किंवा ओल येते तिथे दर ८ ते १२ फुटांवर लवचिक सांधा सांगितलाय. आपल्याकडे गच्चीवरसुद्धा तो दिसला तर नशीब.

भिंतीकडे फट नाही आणि मध्ये तंबू उभा आहे, एवढं जुळलं तर तुमचं निदान बहुतेक झालं. उपाय पुढे येतोय.

३. पाणी

फरशीखाली पाणी मुरत असेल तर वरचं कुठलंही काम वाया. दोन फूट बाय दोन फूट जाड प्लास्टिकचा कागद घ्या, संशयित जागेवर पसरा, चारही कडा रुंद चिकटपट्टीने बंद करा आणि २४ तास राहू द्या. काढल्यावर प्लास्टिकच्या खालच्या अंगाला थेंब किंवा सांधे गडद झालेले दिसले तर ओल खालून येतेय. प्लास्टिक कोरडं आणि तरी फरशी ओली तर ती वरून येतेय: फ्रीज, एसीची नळी, कुंड्या, किंवा रोजची पुसणी.

खालून ओल असेल तर आधी बाथरूम बघा. नहाणी ट्रॅपचं (पाणी जायच्या जाळीचं) तोंड कापडाने घट्ट बंद करून दोन इंच पाणी साठवा, पातळीला पेन्सिलने खूण करा आणि खालच्या मजल्यावरच्यांना छतावर लक्ष ठेवायला सांगा. दोन दिवस बाथरूम वापरायचं नाही, हीच खरी अडचण. घरात एकच बाथरूम असेल तर सुट्टीला गावी जाताना करा. पातळी बोटभर उतरली तर वॉटरप्रूफिंग किंवा ट्रॅपचा सांधा गेलाय. पाणी जागच्या जागी आहे आणि ओल कायम आहे, तर नळाच्या पाइपवर संशय. घराला स्वतंत्र मीटर असेल तर सगळे नळ बंद करून अर्धा तास त्याचा काटा बघा.

इथे फरशीवाल्याचं काम संपतं. प्लंबर आणि वॉटरप्रूफिंगवाला बोलवा. त्यांचं काम होऊन जागा पूर्ण वाळेपर्यंत मला फोन करू नका, मी येणार नाही. एकदा एका काकूंच्या आग्रहाखातर ओल्यावरच बसवली होती. पहिल्याच पावसाळ्यात सांधे पुन्हा काळे. दोष अर्थात माझ्यावर, आणि तो बरोबरच होता.

४. सुतळी आणि लेव्हल

ज्यांना जुन्या फरशीवर लॅमिनेट (लाकडी भुशाच्या) किंवा एसपीसी (दगडाची पूड आणि प्लास्टिकच्या) फळ्या टाकायच्यात त्यांनी हे चुकवू नका. दोन मीटर लांबीची सरळ अॅल्युमिनियमची पट्टी फरशीवर आडवी ठेवा आणि खालून कुठे उजेड दिसतो ते बघा. ३ मिलिमीटरपर्यंत चालतं. त्याहून खड्डा असेल तर वरच्या फळ्या प्रत्येक पावलाला दबतात आणि वर्षभरात त्यांच्या खाचा तुटतात. पट्टी नसेल तर भिंतीपासून भिंतीपर्यंत सुतळी ताणा, दोन्ही टोकांना एकेक नाणं ठेवा आणि तिसरं नाणं सुतळीखालून सरकवत न्या.

५. एक टाइल काढा आणि तिची पाठ वाचा

इथपर्यंत खर्च शून्य होता. आता एक टाइल जाणार. तंबू झालेला असेल तर तीही आधीच निघालेलीच आहे.

टाइल उलटी करा. पाठ अगदी पेटीतून आत्ता काढल्यासारखी स्वच्छ, छापलेलं नाव वाचता येतंय? मग माल तिला कधी चिकटलाच नव्हता. व्हिट्रिफाइड टाइलच्या पाठीला भट्टीतून येताना बारीक पांढरी पूड असते. ती ओल्या फडक्याने पुसावी लागते. अंगठा फिरवून बघा, पांढरा होतोय का. त्या पुडीवर साधी सिमेंटची स्लरी (पातळ राबडी) ओतली की ती पुडीला धरते, टाइलला नाही. पूर्वीच्या सिरॅमिक टाइलला छिद्रं असायची, ती स्लरी ओढून घ्यायची. तीच जुनी सवय नव्या टाइलवर चालवली की असं होतं.

पाठीला माल आहे, पण निम्म्याच भागावर? मग माल पसरवताना कंगव्याची थापी वापरलेली नाही. घरातल्या कोरड्या जागी ८० टक्के पाठ भरलेली हवी, बाथरूममध्ये ९५. पाठीवर कंगव्याच्या सरळ रेघा तशाच्या तशा उमटलेल्या, अजिबात न दबलेल्या दिसल्या, तर अॅडेसिव्हवर (टाइल चिकटवायच्या तयार मालावर) साय धरल्यानंतर टाइल ठेवली गेलीय. एप्रिलमध्ये पंखा चालू ठेवून एकदम चार टाइल्सचा माल पसरायचा, मग चहा प्यायचा, मग टाइल ठेवायची, हा उद्योग मी डोळ्यांनी पाहिलाय. पसरलेल्या मालाला बोट लावायचं. बोटाला लागला नाही तर खरवडून टाकायचा.

आता खाली बघा. किल्लीच्या टोकाने मालाचा थर ओरबाडा. ओरखडा नुसता उमटला तर थर पक्का. किल्ली आत शिरली आणि वाळू मोकळी झाली तर खाली माल नाहीच, भिजवलेली वाळू आहे. अशा थरावर जगातली कुठलीही टाइल टिकणार नाही. जमिनीपर्यंत सगळं काढावं लागतं. खोलीच्या तीन कोपऱ्यांत किल्ली चालवून बघा, एका जागेवरून निकाल देऊ नका.

मग करायचं काय

थर पक्का, फक्त दाबाचा प्रकार: तर अख्खी फरशी काढायची गरज नाही. उठलेल्या ओळीतला जुना माल खरवडून, चारही भिंतींकडची फट मोकळी करून आणि हॉलच्या रुंदीभर एक सांधा ग्राइंडरने कापून दाब सोडवता येतो. हा सांधा दाराच्या उंबऱ्याच्या रेषेत घेतला तर डोळ्याला खुपत नाही. त्यात ग्राऊट (सांधे भरायचं कडक सिमेंट) नाही भरायचं. रंगाला जुळणारं सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेन सीलंट भरायचं. दाबून बघितलं तर रबरासारखं दबलं पाहिजे. मग उठलेल्या टाइल्स अॅडेसिव्हवर परत.

कापण्याचं काम स्वतः करू नका. दाब असलेल्या सांध्यात चकती अडकते आणि ग्राइंडर अंगावर उसळतो. शिवाय जुन्या फ्लॅटमध्ये लाइटचे पाइप फरशीखालून गेलेले असतात. मेन स्विच बंद, कापताना पाणी, तोंडाला चांगला मास्क, आणि हात सरावलेला माणूस.

चार-दोन टाइल्स पोकळ आणि बाकी ठीक: सांध्यांत बारीक भोकं पाडून पातळ इपॉक्सी सोडणारे लोक आहेत. खाली भुकटी नसेल तर बरं बसतं. पुडी किंवा भुकटीवर इपॉक्सी तरी काय धरणार? मी पैसे आणि खात्री दोन्ही आधी बोलून घेतो, म्हणजे खात्री नाही असं सांगतो.

थर मेलेला: सगळं काढा. राडारोडा कुठे टाकायचा ते आणि कामाच्या वेळा सोसायटीला आधीच विचारा. अर्ध्या कामात सेक्रेटरी दारात उभे राहिले की मिस्त्रीचा दिवस जातो आणि मजुरी तुमची.

जुनीवरच नवी बसवू का?

हा प्रश्न दर आठवड्याला येतो. बसवता येते, पण फक्त जुनी फरशी ठोकून भरीव निघाली तर. आणि फक्त अॅडेसिव्हवर. दोन इंच वाळू-सिमेंटचा नवा थर टाकून त्यावर कधीही नाही. वजन बघा: तो थर दर चौरस मीटरला सुमारे १०० किलो, वरची टाइल आणखी वीस-बावीस. घरातल्या खोलीचा स्लॅब माणसं-सामान मिळून जेवढ्या वजनासाठी धरतात ते २०० किलोच्या आसपास असतं. म्हणजे निम्म्याहून जास्त कोटा तुम्ही फरशीतच संपवला. अॅडेसिव्हवर बसवली तर एकूण तीस किलोच्या घरात राहतं.

आणि दारं मोजा. नवी फरशी अर्धा-पाऊण इंच वर येते. बेडरूमचं दार खालून तासता येईल, बाल्कनीचं सरकतं दार तासता येत नाही. बाथरूममध्येही नवी बसवून तिथली फरशी उंबऱ्याच्या बरोबरीला आली तर पहिल्याच अंघोळीला पाणी सोफ्याखाली.

निवड

फुगण्याचा इतिहास असलेल्या हॉलला मोठमोठ्या चार बाय दोनच्या टाइल्स घेताना दहा वेळा विचार करा. टाइल जेवढी मोठी, सांधे तेवढे कमी, आणि खालची सपाटी तेवढी काटेकोर लागते. दोन बाय दोन, २ मिलिमीटर सांधा, व्हिट्रिफाइडसाठी योग्य दर्जाचं अॅडेसिव्ह. पोत्यावर आयएस १५४७७ (अॅडेसिव्हचं भारतीय मानक) आणि त्याचा टाइप छापलेला असतो, तो टाइलच्या पेटीवरच्या शिफारशीशी जुळवा. टाइप १ साध्या सिरॅमिकसाठी असतं. दुकानदार स्वस्त म्हणून तेच काढून देतो.

कोकणात किंवा गोव्यात घर असेल आणि लाकडासारखं काही हवं असेल तर लॅमिनेट नको. पावसाळ्यात त्याच्या कडा पापडासारख्या वर येतात. एसपीसी चालेल, पण त्यालाही भिंतीकडे ८-१० मिलिमीटर मोकळे सोडा आणि त्यावर किचन ओटा किंवा बसवलेलं कपाट उभं करू नका. ते फरशीला खिळा मारल्यासारखं होतं. आणि घरात जुनी शहाबादी किंवा मोझॅक भरीव वाजत असेल तर पॉलिश करून बघा आधी. माझा धंदा बुडाला तरी चालेल.

इथे थांबा, इंजिनिअरला बोलवा

एकच तडा अनेक टाइल्समधून जातोय आणि खालच्या घराच्या छतालाही तशीच रेघ आहे. छताचा गिलावा पडून गंजलेली सळई दिसतेय. हॉलच्या मध्यावर गोटी ठेवली तर ती नेहमी एकाच खड्ड्याकडे जाते आणि तो खड्डा वाढतोय. तळमजल्याची फरशी ऋतूप्रमाणे वरखाली होतेय. नव्या टॉवरमध्ये स्लॅबमध्ये ताणलेल्या केबल्स आहेत असं सोसायटीच्या कागदात लिहिलंय. यातलं एकही असलं तर छिन्नी खाली ठेवा. स्ट्रक्चरल इंजिनिअर येऊन बघेपर्यंत फोडणं, भोकं पाडणं, वर नवी बसवणं, सगळं बंद. कितीही अनुभवी मिस्त्री "काही नाही होत हो" म्हणाला तरी. मीही म्हणालो तरी.

काम सुरू व्हायच्या दिवशी

नवा थर टाकला असेल तर तो वाळू द्या. इंचाला साधारण महिना धरतात, घाईच्या घरात हे कोणाला पटत नाही. पेट्या आल्या की फोडण्याआधी प्रत्येकीवरचा शेड नंबर आणि कॅलिबर जुळवा. कॅलिबर वेगळं म्हणजे मापात केसभर फरक, आणि तो दहाव्या टाइलला सांध्यात दिसतो. मिस्त्रीने पहिली टाइल बसवली की त्याला ती लगेच उचलायला सांगा आणि पाठ बघा. तो जरा चिडेल. चहा द्या, पण पाठ बघाच.

शेवटी उरलेल्या टाइल्स परत करून पैसे घेऊ नका. एक अख्खी पेटी पलंगाखाली ठेवा, शेड नंबर दिसेल अशा बाजूने. पाच वर्षांनी एक टाइल फुटली की तो रंग बाजारात मिळत नाही, आणि मग लोक मला पुन्हा तोच फोन करतात.